मागचा डावा स्पीकर

मागचा डावा स्पीकर काही केल्या बोलेना. दुरुस्तीला आलेल्या संघपालनं वायर बदलून पाहिली, उजवीकडचा स्पीकर डावीकडं लावून पाहिला, तरी तो कोपरा मुकाच. पुढचे स्पीकर बोलायचे, पण तेही मध्येच खरखरून गप्प व्हायचे. शेवटी त्यानं सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा टीव्हीखालचा प्रोसेसर उघडला आणि आत नाक घालून वास घेतला.

"काकू, बोर्ड जळालाय. नवाच बसवा आता. ह्याचे पार्ट कुठंच भेटत नाय."

शैलाताई प्रोसेसरला डबा म्हणायच्या आणि त्यावरून त्यांचे यजमान लक्ष्मणराव चिडायचे. पाटबंधारे खात्यातली कारकुनी संपल्यावर त्यांनी हौसेनं आणलेली वस्तू ती. रिमोटला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ते जाऊन वर्ष होत आलं होतं आणि आता डबाही त्यांच्या मागोमाग निघाला होता. शैलाताईंचं मागणं मोठं नव्हतं. संध्याकाळी सिनेमा लावला की घर पूर्वीसारखं वाजावं, एवढंच.

मुलगा मिहिर पुण्याहून आलाच होता. तो दुपारी जाऊन नवा प्रोसेसर घेऊन आला. आवाज जुळवायला संघपालनं शैलाताईंच्या खुर्चीवर एक इवलासा माइक ठेवला, सगळ्यांना गप्प बसवलं, पंखाही बंद केला. एकेक स्पीकर शिट्टी घालत गेला. खिडकीजवळचा डावाही वाजला तसा मिहिर खूश झाला. बाबांना हे ऐकायला मिळायला हवं होतं, असं तो दोनदा म्हणाला.

सिनेमा लावला. घोडे मागून आले आणि शैलाताईंच्या डाव्या कानाजवळून पुढं पळाले. आवाज स्वच्छ होता, नाव ठेवायला जागा नव्हती. तरी त्यांना चैन पडेना. आपण दुसऱ्याच कुणाच्या बैठकीत येऊन बसलोय असं वाटत राहिलं. नेमकं काय चुकतंय ते सांगताही येईना, आणि पोरानं एवढ्या हौसेनं आणलेल्या वस्तूला नाक मुरडणंही बरं दिसेना.

तेवढ्यात शेजारच्या लीलाबाईंनी परसाकडच्या त्या खिडकीच्या गजांवर थाप मारली.

"शैलाताई, ताटली कवाची वाजायली तुमची. पाणी येऊन लई येळ झाला, घरात हायेत का नाय?"

मिहिर धावत परसात गेला. शहर करमाड गावाच्या अंगाला पसरत गेलं, पण नळाचं पाणी काही पसरलं नाही. ते कधी येईल याचा नेम नसे, म्हणून गल्लीत घरोघरी तोटी उघडी ठेवून खाली स्टीलची ताटली पालथी घालत. पहिली धार पडली की ताटली ओरडायची आणि माणसं हातातलं काम टाकून पळायची. मिहिरनं नळाला पाइप जोडून हौदात सोडला.

शैलाताई मात्र खिडकीशेजारच्या त्या स्पीकरकडं बघत राहिल्या. दुष्काळाच्या साली असंच झालं होतं. आठ-दहा दिवसांनी आलेलं पाणी सिनेमाच्या नादात निघून गेलं आणि मग लीलाबाईंच्या टाकीतून बादल्या आणाव्या लागल्या. शैलाताई तेव्हा नवऱ्याला नाही नाही ते बोलल्या. लक्ष्मणरावांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारभर ते रिमोट घेऊन खिडकीकडं कान लावून बसले होते. चालला असेल नेहमीचा खेळ, म्हणून शैलाताईंनी लक्षही दिलं नव्हतं.

त्यानंतर पाणी कधी चुकलं नाही. सिनेमातल्या भर मारामारीत ते "आलं" म्हणून उठायचे. आमच्या ह्यांचे कान फार तिखट, असं शैलाताई नातेवाइकांना कौतुकानं सांगायच्या. आता त्यांचे डोळे भरून आले. एवढं साधं, आणि कधी सांगितलंसुद्धा नाही.

"संघपाल, तो खिडकीजवळचा बंद कर," त्या म्हणाल्या.

मिहिर हात पुसत दारात उभा होता. "आई, अगं तो बिघडला होता म्हणून तर..."

"बिघडला नव्हता रे. तुझ्या बाबांनी त्याला गप्प बसवला होता." मग त्या म्हणाल्या, "जा, पाइप काढ आणि धार ताटलीवर सोड."

मिहिरला काहीच उमगलं नाही, पण तो गेला. संघपालनं रिमोटवर त्या कोपऱ्याचा आवाज पार शून्यावर आणला. शैलाताई आपल्या खुर्चीत बसल्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. पडद्यावर घोडे पुन्हा धावले, पण डावीकडून काही आलं नाही. मग त्या मोकळ्या जागेतून, खिडकीतून, ताटली वाजली.

त्यांची मान आपोआप शेजारच्या खुर्चीकडं वळली.

"आई, येतंय का ऐकू?" मिहिरनं बाहेरून विचारलं. "लावू का पाइप परत? पाणी वाया चाललंय."

तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा कढीपत्त्याला घालणाऱ्या शैलाताई हलल्या नाहीत.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "वाजू दे जरा."