सोळावं वचन

टेना जन्मली ते साल १८५४. तिचा बाप मिंगो तेव्हा जॉर्जियातल्या भातखाचरांमागच्या दलदलीत लपून होता. मुकादमानं चाबूक उगारला, मिंगोनं त्याचा हात वरच्यावर धरला. मग पळण्यावाचून गत नव्हती. पळाला त्याला तीन महिने झाले होते. त्याची बायको बायना सरपणाच्या निमित्तानं दुपारी दलदलीकडं जायची आणि झग्याआड मक्याची भाकरी न्यायची.

त्या रविवारी तिनं भाकरीबरोबर पाद्रीचं प्रवचनही नेलं.

"ऐक. बायबलात अनेसिम नावाचा एक गुलाम आहे. तोही पळाला होता. पौल नावाच्या धर्मदूतानं त्याला परत मालकाकडं धाडलं, हातात पत्र देऊन."

"पौल म्हणजे तोच ना? 'गुलामांनो, मालकाचं ऐका'वाला?" मिंगो हसला. "दर रविवारी येतो बघ आपल्याकडं. कधी एखाद्या मालकाला पण बोल म्हणावं!"

"चेष्टा नको करूस. देवाचा शब्द आहे तो. पत्रात लिहिलंय, तो थोडे दिवस दूर गेला, तो तुला कायमचा परत मिळावा म्हणून."

"मग? पुढं?"

"पुढं काही नाही. पाद्री आमेन म्हणाला."

मिंगो भाकरी खात राहिला. मग म्हणाला, "पोरगी कुणासारखी दिसते?"

"तुझ्यासारखी. सात आठवड्यांची झाली, अजून बापाच्या मांडीवर बसली नाही. चल रे. पत्र लिहिणारा तुरुंगात होता, तरी त्यानं परतच जा म्हणून सांगितलं. देव काय वाईट सांगेल?"

मिंगो उठला. दोघं बांधावरून उघड्यावर चालत आले.

पुढं युद्ध झालं, गुलामी गेली. टेना मोकळ्या झालेल्यांच्या शाळेत वाचायला शिकली. बायना तोवर पन्नाशीला आली होती. वस्तीतल्या बायका अजून बोलायच्या, हिनं नवऱ्याला हाताला धरून आणला. एके दिवशी टेनाही बोलली, "तू गप्प बसली असतीस तर मला बाप असता."

दुसऱ्या दिवशी बायना पाटी घेऊन लेकीसमोर बसली. तिला एवढं एकच पत्र वाचायचं होतं. लेकीसमोर, स्वतःच्या तोंडानं. आपण मनाचं काही केलं नाही, पुस्तकातलंच केलं, हे पोरीला दिसायला हवं होतं.

दोन हिवाळे लागले.

पत्र जेमतेम पानभर होतं. बोट ठेवून ती एकेक शब्द वाचत गेली. पंधराव्या वचनाला आवाज चढला. "...तो तुला कायमचा परत मिळावा." तिनं बोट उचललं. "बघ. लिहिलंय की नाही? आमेन."

"आई, थांबलीस का?"

"संपलं की."

"नाही संपलं. टिंब आहे, पण त्याच्याखाली शेपटी आहे बघ. शेपटी असली की वाक्य पुढं चालतं."

बायनानं पान डोळ्यांजवळ नेलं. शेपटी होती. तिनं बोट खालच्या ओळीवर टेकवलं.

"यापुढं... गुलाम म्हणून... नव्हे. गुलामाहून... मोठा. प्रिय... भाऊ... म्हणून."

तिनं ते पुन्हा एकदा वाचलं, या वेळी न अडखळता. टेना आईच्या जवळ सरकली.

"टेना, त्या पाद्रीला वाचता येत होतं ना गं?"

"येत होतं, आई."

मिंगो १८५४ च्या ऑगस्टमध्ये मेला, परत आल्यानंतर पाचव्या दिवशी, चाबकाच्या जखमांनी. मूठमाती देताना पाद्री त्याला 'आमचा प्रिय भाऊ' म्हणाला होता.