माशाचं डोकं

"श्वास घेतेय ना? बघा ना, हाज्जा, घेतेय ना?"

सौसनने टॅक्सीत बसल्यापासून दुसरं काही विचारलंच नव्हतं. मांडीवरच्या टोपलीत बसबूसा निपचित पडली होती. मान एका बाजूला कलंडलेली, मागचे पाय ओल्या फडक्यासारखे लोंबलेले. पोट हलत होतं, पण इतकं हळू, की खरंच हललं की आपल्याला भास झाला ते कळू नये.

"घेतेय, घेतेय," तिची सासू, हाज्जा फिक्रिया, म्हणाली. "तूच घे जरा आता श्वास. मांजर आहे ती, पोटची पोर नाही."

म्हटलं आणि हाज्जाने लगेच तोंड खिडकीकडे फिरवलं. शुब्रा वस्तीतल्या त्यांच्या घरात 'पोर' हा शब्द सहसा कुणी काढत नसे. सौसनचा नवरा हिल्मी सुएझच्या बंदरावर कामाला, कधीमधी घरी यायचा. तो नसताना सौसनच्या मांडीवर ही मांजर असायची. गोड रव्याच्या वडीच्या रंगाची, म्हणून नावही त्या वडीचंच, बसबूसा.

टॅक्सी थांबली. जनावरांच्या दवाखान्याच्या पाटीवरची अक्षरं सौसनला एकावर एक चढलेली दिसली. तिने डोळे पुसले. हाताला ओल लागली नाही. रडायचं पाणीसुद्धा संपलं असावं. पहिल्याच पायरीवर तिचे गुडघे लटपटले. हाज्जाने टोपली हिसकावून घेतली.

"आण इकडे. एवढं कुणी घाबरतं का? दोघींना उचलून न्यायचं वय राहिलं नाही माझं."

आत माणसं आपापली जनावरं घेऊन बसली होती. डॉक्टर नाजींनी टोपलीत नुसतं डोकावलं आणि "आधी ही" म्हणत रांग बाजूला सारली. टेबलावर घेताच बसबूसाच्या नाकावर ऑक्सिजनची नळी धरली. डोळ्यांवर बॅटरी मारली. उजेड पडूनही बाहुल्या लहान झाल्या नाहीत. जबडा उचलून सोडला, तो तसाच लोंबत राहिला.

"काल काय खाल्लं हिने?"

"फ... फस..." सौसनची जीभ टाळूला चिकटली. सकाळपासून घशाला कोरड पडली होती. बसबूसाला पलंगाखाली लुळी पडलेली पाहिली आणि मग तर भीतीने पार दातखीळच बसली.

"फसीख," हाज्जाने शब्द पुरा केला. "काल शम्म-नसीमचा सण नव्हता का? सगळं शहर मासा न् कांदे घेऊन बागेत. आमच्या सूनबाईंना घरात बसून मांजरासंगे सण करायचा! मासासुद्धा बाजारचा नको, बाजारात फसवतात म्हणे. स्वतः मिठात मुरवला. आणि डोकं कुणाला? तर ह्या राणीसाहेबांना."

"मीच दिलं," सौसन म्हणाली. "माझ्या हातानं." आवाज नाकातून आला. तिचा तिलाच ओळखू येईना. आपण हिला मारलं, लाडानं भरवून मारलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

डॉक्टरांचा हात थांबला.

"हाज्जा, तुम्ही खाल्लात तो मासा?"

"मला कुठला? रक्तदाब आहे, मीठ बंद. वासावर सण साजरा केला मी."

डॉक्टरांनी पेल्यात पाणी ओतून सौसनपुढे धरलं. "घोटभर प्या बघू."

पाणी तोंडात गेलं, पण खाली उतरेना. ओठांच्या कडेने हनुवटीवर ओघळलं. हाज्जाने आपल्या ओढणीच्या टोकाने ते पुसलं. "बघा हो डॉक्टर, काळजीनं पाण्याचा घोट उतरत नाही पोरीच्या घशाखाली."

डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. क्षणभर त्यांच्या बॅटरीचा उजेड सौसनच्या डोळ्यांवर आला. ती पाहत राहिली. त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. संपलं. डॉक्टरांनाच धीर नाही म्हणजे संपलं.

ते कोपऱ्यातल्या फोनकडे अक्षरशः धावले.

"विषबाधा विभाग? मी डॉक्टर नाजी, जनावरांच्या दवाखान्यातून बोलतोय. घरी मुरवलेला फसीख. हो, काल खाल्लाय. पापण्या उतरल्यात, बाहुल्या मोठ्या झाल्यात, गिळता येत नाही. श्वास अजून ठीक आहे, पण केव्हा अडकेल सांगता येत नाही. उतारा काढून ठेवा. आणि गाडी पाठवा, ऑक्सिजनसकट. आत्ताच्या आत्ता."

सौसनला त्यांचे पाय धरावेसे वाटले. एका मांजरासाठी हा माणूस माणसांचं इस्पितळ हलवत होता.

"माणसांचं औषध मांजराला देतील का हो?" हाज्जा पुटपुटली. मग बसबूसाच्या कपाळावर तिने पहिल्यांदाच बोट फिरवलं. "देतील. न देऊन सांगतात कुणाला? मी स्वतः जाऊन बसते त्यांच्या दारात. ह्या पोरीला दुसरं आहे कोण?"

"वय विचारतायत," डॉक्टर फोनवर हात ठेवून म्हणाले.

सौसनने बोलायला तोंड उघडलं. शब्द फुटेना. तिने चार बोटं वर केली. चारच वर्षांची आहे हो, लहान आहे अजून, वाचवा तिला. बोटंही जड झाली होती, वर राहीनात.

डॉक्टरांनी एका हाताने खुर्ची पुढे ओढली आणि सौसनला खांद्याला धरून अलगद तीत बसवलं.

"मांजराचं नाही, हाज्जा. तुमच्या सुनेचं वय सांगा."