उजव्या गालावरचा वांग

वैद्यांनी सारजाबाईला डोळे मिटायला लावलं आणि कोंबडीचं पीस तिच्या गालावरच्या काळ्या डागावर अलगद टेकवलं. "कळतंय का?"

"गुदगुल्या व्हत्यात," ती म्हणाली.

भैरूनं कोंडलेला श्वास सोडला. कासार आंबोलीहून पौडला येईपर्यंत नवराबायको एक शब्द बोलले नव्हते. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही गालांवर डाग उठले होते. आधी हळद झाली, मग लिंबू. कुणी सांगितलं म्हणून तिनं बिब्बाही लावला; कातडी भाजली आणि डाग आणखीच काळवंडले. गावात महारोगाची कुजबुज सुरू झाली. भैरूच्या आईनं, रंभाबाईनं, सुनेचं ताट वेगळं काढलं. तान्हं लेकरू फक्त पाजण्यापुरतं तिच्याजवळ येऊ लागलं. वैद्यानं महारोग म्हटलं तर तशीच माहेरी घालव, असं रंभाबाईनं भैरूला बजावलं होतं. मारुतीच्या देवळात सप्ताह बसला, तर कीर्तनाचं वेड असलेली सारजाबाई बायकांत गेली नाही. देवळामागं भिंतीला टेकून, एकटीच टाळ्या वाजवत तिनं नामाचा गजर केला. भैरू हे सगळं बघत होता. बोलला मात्र नव्हता.

"महारोगाच्या डागाला स्पर्श कळत नाही. हा वांग आहे," वैद्य म्हणाले. गरोदरपणात, बाळंतपणात पुष्कळ जणींना येतो, कुणाला चिकटत नाही. बिब्बा बंद, चोळणं बंद. उन्हापासून जपलं तर हळूहळू फिका पडेल. पुरता गेला नाही तरी जिवाला अपाय नाही. मग त्यांनी तिची हनुवटी वळवून बघितली आणि उजवा गालच एवढा काळा कसा, असं पुटपुटले.

घरी येताच भैरूनं लेकरू उचलून सारजाबाईच्या मांडीवर दिलं आणि तिचं ताट सगळ्यांच्या शेजारी नेऊन मांडलं. रंभाबाईनं डोळ्यांना पदर लावला. पांडुरंगा, माझ्या जिभेला काय झालं होतं रे, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं शेतावर, भातरोपांच्या वाफ्यावर फांद्या-पाला जाळून राब भाजायच्या तयारीला गेली. आता भैरूला वैद्यांपेक्षा जास्त कळू लागलं होतं. एवढं ऊन कशाला अंगावर घेतीस, जिवाची काळजी न्हाई का तुला, असं तो सकाळभर बायकोला सुनावत राहिला. ती पदराआड हसत होती.

दुपारी भाकरीची वेळ झाली. बांधावर ऐनाचं एकच झाड. राबासाठी दरसाल फांद्या तोडल्यामुळं त्याची सावली जेमतेम घोंगडीएवढी. रोजच्यासारखा भैरू बुंध्याला टेकून बसला. सारजाबाई तिच्या नेहमीच्या जागी, समोर उन्हात बसून कालवण वाढू लागली. तिच्या उजव्या गालावर ऊन रणरणत होतं. घास भैरूच्या हातातच राहिला.

"सारजे, हिकडं सावलीत सरक."

तिनं सावलीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "मंग तुमी कुटं बसायचं?"

लग्नाच्या सात वर्षांत भैरूनं तिला हे एकदाही विचारलं नव्हतं.