ताजे गुलाब

बागिओतल्या लिगायाच्या फुलांच्या दुकानाला वेबसाइट होती, पण तिच्यावर खरेदीची सोय नव्हती. धाकट्या बहिणीनं, पेर्लानं ती अगदी स्वस्तात जोडून दिली. "बघ ताई, आता मनिलाहून ऑर्डरी येतील."

महिने लोटले, एकही आली नाही. मग एक जुनं गिऱ्हाईक दुकानात येऊन कुरकुरलं, "तुमच्या वेबसाइटवरची फुलं लगेच माना टाकतात हो."

लिगायानं मैत्रिणीच्या नावानं स्वतःच्याच वेबसाइटवरून गुलाब मागवले आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या घरी जाऊन बसली. बेल वाजल्यावर दार लिगायानंच उघडलं.

गुलाब घेऊन पेर्ला उभी होती.

"शिळे आहेत गं," लिगाया हळूच म्हणाली. "माझ्याकडे मागितले असतेस, तर ताजे दिले असते."