बाहेरचं काम

जुन्या घराचं बाहेरचं सगळं काम मी अंगावर घेतलं होतं. आईला मात्र प्रत्येक गोष्ट विचारायचे. ती म्हणायची, "उद्या सांगते," आणि सकाळी तिचं उत्तर तयार असायचं. खिडकीवरचा छज्जा वीतभर पुढे घ्या. पावसाचा पाइप मागच्या कोपऱ्यातून उतरवा. आयुष्यात कधी हातात टेप न धरलेल्या आईचं मला भारी कौतुक वाटायचं.

आज गवंडी परांचीवरून म्हणाला, "ताई, पायऱ्यांना काळाच दगड ना? काल तुमचे भाऊ तसंच म्हणत होते. तुमच्या आईंनी त्यांना व्हिडिओ कॉलवर सगळं घर फिरून दाखवलं."

बाबा गेल्यावर भावानं हे घर विकायचं काढलं, तेव्हा आईनं मला शपथ घातली होती. "त्याच्याशी एक शब्द बोललीस, तर मी तुला मेले समज." तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेले नाही. त्याच्या लग्नाला गेले नाही. त्याची मुलगी कशी दिसते, मला ठाऊक नाही.

मी तशीच आत गेले. आई फोन चार्जिंगला लावत होती.

"त्याच्याशी बोलतेस तू?"

"मुलगा आहे माझा." तिनं वळूनही पाहिलं नाही. "आणि शपथ मी तुला घातली होती. मी कुठे घेतली होती?"

बाहेरून गवंड्यानं विचारलं, "ताई, भिंतीच्या रंगाचं काय ठरलं?"

मी आईकडे पाहिलं. आईच खिडकीशी गेली आणि म्हणाली, "उद्या सांगते."