ओठापुरतं पाणी

“आबा, मले लागली,” आचल देवीदासांचं बोट ओढत म्हणाली.

बगिच्यातल्या छोट्या आगगाडीतून सगळे नुकतेच उतरले होते. नातवंडांना अमरावती दाखवायची म्हणून देवीदासांनी सकाळीच दर्यापूर सोडलं होतं. अंबादेवी झाली, मोठ्या दुकानातला सरकता जिना पुन्हा पुन्हा चढून झाला, आणि जिच्यासाठी आचलने दसऱ्यापासून घर डोक्यावर घेतलं होतं ती गाडीही झाली. “पाणी प्या रे, ऊन हाये,” असं देवीदास जागोजागी म्हणत, आणि लेकरं मुकाट्यानं बाटली तोंडाला लावत. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई आणि सून ज्योत्स्ना मात्र बाटली नुसती ओठाला लावून परत देत. बायकांना तहान कमीच लागते, असं देवीदासांना वाटे.

“मलेबी लागली,” तिचा भाऊ शिवम म्हणाला.

फाटकाजवळ खुर्ची टाकून बसलेल्या चौकीदाराने त्याला मानेनेच भिंत दाखवली. शिवम गेला, भिंतीवर नक्षी काढून आला आणि चड्डी सावरत पुन्हा गाडी बघायला पळाला.

आचलसाठी रंगवलेलं दार होतं. दारावर बाईचा चेहरा, कपाळावर मोठं कुंकू, खाली ‘महिला’. आणि कडीला कुलूप.

“चाबी सायबापाशी हाये. सायेब मीटिंगले गेले,” चौकीदार म्हणाला.

“पण कुलूप कायले लावता?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“लोकं घाण करतात ना, माय.”

“मंग काय फुलं वाहाले बांधला का संडास?”

चौकीदार हसला. तिकिटाच्या रांगेतले पुरुषही हसले. बायका हसल्या नाहीत.

देवीदासांची कानशिलं तापली. उभा जन्म त्यांनी तालुक्याच्या वाचनालयात काढला होता. तिथे ‘शांतता राखा’ अशी पाटी होती, आणि ती सगळ्यांत जास्त त्यांनीच पाळली होती. आताही मनात एक वाक्य जुळून आलं, शुद्ध आणि खणखणीत. पण लगेच वाटलं, आपण कोण सांगणारे? या बिचाऱ्याचा तरी काय दोष? तोंडातून निघालं ते एवढंच,

“लहान लेकरू आहे हो.”

“काय म्हनता?”

देवीदास काखेतली छत्री सावरत मागे सरले.

ज्योत्स्ना रस्त्यापलीकडच्या हॉटेलात विचारून आली. तिथे बायकांना बसायला फॅमिली रूम होती. बाकी सोय नव्हती.

आचल आता एका पायावर दुसरा पाय दाबून, डोळे गच्च मिटून उभी होती.

“चाल माय,” म्हणत वच्छलाबाईंनी तिला मेंदीच्या कुंपणामागे नेलं. एका बाजूने आजीने पदर पसरला, दुसऱ्या बाजूने आईने ओढणी. उरलेल्या बाजूला देवीदास काळी छत्री उघडून, पाठ करून उभे राहिले.

आचल खाली बसते न बसते तोच शिट्टी वाजली.

“ओ बाई! उठवा तिले! मनाई हाये इथं! बगीचा हाये हा, वावर नाही तुमचं!”

चौकीदार शिट्टी फुंकत धावत आला. रांगेतली सगळी तोंडं वळली. आचल दचकून उठली आणि तशीच उभी राहिली. दिवाळीचा पिवळा फ्रॉक खालपर्यंत ओला होत गेला. मोजे भिजले. ती रडली नाही. दोन्ही हातांनी फ्रॉक पुढे गोळा करून धरला फक्त, कोणाला दिसू नये म्हणून.

“ते भिंत पाह्य आधी!”

आवाज इतका मोठा होता, की कोण ओरडलं म्हणून देवीदासांनीच इकडेतिकडे पाहिलं. ओरडले तेच होते.

“त्या भिंतीवर पोरगा मुतला तवा कुठं गेली होती तुही शिट्टी? आँ? भिंत तूच दाखवली त्याले! अन् हे पोरगी बसली त मनाई? काढ ते कुलूप! आत्ताच्या आत्ता काढ, नाही त तोड!”

छत्री कधी मिटली ते त्यांना कळलं नव्हतं. तिचं टोक कुलपाकडे रोखलेलं होतं.

चौकीदाराने तोंडातली शिट्टी सोडली. ती त्याच्या छातीवर लोंबकळली.

“मी कसं तोडू, आबाजी?” तो हळूच म्हणाला. “माही बायको झाडते हा बगीचा. तीबी घरी जाऊनच येते.”

देवीदासांनी छत्री खाली घेतली. कुलूप होतं तिथेच राहिलं. मागे छोट्या आगगाडीने भोंगा दिला, आणि रांग पुढे सरकली.

परतीच्या जीपमध्ये आचल आईची ओढणी कमरेला गुंडाळून आजीच्या मांडीवर बसली होती. वलगाव मागे पडलं. दोन्हीकडे कपाशी पांढरी झाली होती. देवीदासांनी पिशवीतून बाटली काढली. शिवम घटाघटा प्याला. ज्योत्स्नाने बाटली ओठाला लावली. वच्छलाबाईंनी ओठाला लावली.

“पी बाई,” देवीदास आचलला म्हणाले. “दिवसभर उन्हात होती तू.”

आचलने आधी आजीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग बाटली वर केली, ओठ ओले केले, उलट्या हाताने पुसले आणि बाटली आबांना परत दिली.

“पेली,” ती म्हणाली.