दोन गाठींची दोरी

थोरल्या मुलाला जुळी झाली, त्याच वर्षी पोटाच्या दुखण्याने सुताराने अंथरूण धरलं. कामाच्या शेडला लागून असलेल्या खोलीत त्याची खाट टाकली होती.

थोरला शेडच्या माळ्यावरून फळ्या खाली काढत होता. सुताराने स्वतःच्या शवपेटीसाठी वाळत ठेवलेल्या फळ्या. खाली नवा उपदेशक उभा होता, इस्त्रीचा शर्ट भुशापासून सांभाळत.

"सगळ्या काढा, भाऊ. घरात मरणाची तयारी ठेवायची आणि देवाकडे जीवन मागायचं, हे जमत नाही. बाहेर नेऊन पेटवा. रविवारी काका स्वतःच्या पायांनी सभेला येतील. देवाने मला दाखवलंय."

थोरल्याने शेवटची फळी भिंतीला टेकवली. त्याचे गाल बसले होते. बाप जेवत नव्हता तसा तोही जेवत नव्हता.

खोलीत सुताराची मुलगी खाटेशी बसली होती. मांडीवर पवित्र शास्त्र होतं, मिटलेलं. उपदेशकाने वाचन बंद करवलं होतं. जुनी वचनं जुन्या काळासाठी होती, आता आपल्या तोंडून देव नवं बोलतो, असं त्याचं म्हणणं. खोलीत एकच वाक्य म्हणायचं: मी बरा झालो आहे. मरण हा शब्द काढायचा नाही. रडू आलेल्या शेजारणीला दारातूनच परत पाठवलं होतं.

"पॉलिशवाला आला का गं?" सुताराने विचारलं.

"हळू बोला, बाबा. ते ऐकतायत."

"ऐकू दे. ओल्या लाकडाला पॉलिश मारलं की चार दिवस झकास दिसतं."

उपदेशक हसत आत आला. मागून थोरला आला. "काका, म्हणा बघू. मी बरा झालो आहे."

"मी बरा झालेलो नाही," सुतार म्हणाला. "मी मरणार आहे. काल रात्रभर मला भीती वाटत होती. पण सांगू कुणाला? माझ्याच घरात मला बोलायची चोरी झालीय."

"शब्द मागे घ्या!" उपदेशकाचं हसू गेलं. "जिभेने जे बोलाल तेच घडतं."

"होय? जन्मभर मी गिऱ्हाइकांना 'उद्या देतो' म्हणत आलो. एकाला तरी टेबल उद्या मिळालं का, विचारा बाहेर."

मुलगी खुदकन हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. थोरला हसला नाही. तो खाटेशी गुडघ्यांवर बसला.

"म्हणा ना, बाबा. एवढंच तर म्हणायचंय. पोरं अजून तुम्हाला ओळखायलासुद्धा लागली नाहीत."

सुताराने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता.

"प्रभू मेला की नाही?"

"मेला."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी उठला."

"मेला म्हणून उठला. मधली पायरी गाळून जिना करायला मी तुला कधी शिकवलं रे?"

"ती जुनी शिकवण झाली," उपदेशक म्हणाला. "देव आता पुढे गेलाय."

"जाऊ दे. जुन्यात मेल्यावरचं लिहिलंय, मला तेवढं पुरे. तुमच्या नव्यात काय आहे? मी मेलोच, तर काय?"

"तुम्ही मरणार नाही."

"मेलोच तर?"

उपदेशकाने थोरल्याकडे पाहिलं. "तर मुलाचा विश्वास कमी पडला, असं समजायचं."

आतल्या घरात एक बाळ रडायला लागलं, त्याचं ऐकून दुसरं.

"ऐकलंस?" सुतार थोरल्याला म्हणाला. "हे ओझं तुझ्या डोक्यावर ठेवून मी जाणार नाही. दोरी आण."

सुतार टेबलाचं माप पट्टीने घेई, मेलेल्या माणसाचं दोरीने. डोक्यापासून टाचेपर्यंतच्या लांबीला एक गाठ, खांद्यापासून खांद्यापर्यंतच्या रुंदीला दुसरी. मग ती दोरी त्या माणसाबरोबर पेटीत जाई. जिवंत माणसाचं माप दोरीने कधी कुणी घेतलं नव्हतं.

"भाऊ, विचार करा," उपदेशक म्हणाला. "दोरीला हात लावलात, तर बापाचं मरण तुमच्या माथी."

थोरला उठला. दारापर्यंत गेला, थांबला. चौकटीला धरून उभा राहिला. मग शेडमध्ये जाऊन त्याने खिळ्यावरची दोरी काढली.

पहिली गाठ सुटली. त्याने पुन्हा मारली.

"सुटली तर सुटू दे, पुन्हा मार," सुतार म्हणाला. "दोरी ताणून धर. हां. आणि खांद्याला चार बोटं सैल ठेव. अंग चोरून झोपायची सवय नाही मला."

उपदेशक कधी निघाला ते कळलं नाही. भुशात पावलं वाजत नाहीत.

"आता वाच," सुतार मुलीला म्हणाला. "मेंढपाळाचं स्तोत्र."

तिने शास्त्र उघडलं. वाचताना एका जागी तिचा आवाज अडला, तेव्हा पुढचं वाक्य त्यानेच म्हटलं. शेडमध्ये थोरल्याचा रंधा सुरू झाला. सुतार डोळे मिटून दोन्ही ऐकत राहिला.

"सावकाश," तो पुटपुटला. "गाठ आहे तिथे. सावकाश."

शनिवारी सकाळी थोरल्याने दोरी पेटीत ठेवली आणि दारात जमलेल्या माणसांसमोर येऊन उभा राहिला.

"बाबा मेले," तो म्हणाला. "आज, उजाडताना."